जळजळ थांबली, डोळा मात्र बिघडत होता

पुढचं प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. मधुमेह जुना झालेल्या माणसांच्या कोरड्या, चुरचुरणाऱ्या डोळ्यांत जो गुंता वारंवार दिसतो, तो इथे एकाच रुग्णात मांडला आहे. रुग्णाचे आकडे त्या गुंत्याला साजेसे घेतले आहेत. तपासण्यांच्या मर्यादा, औषधांची प्रमाणं आणि कारणं मात्र रोजच्या वापरातलीच आहेत.

रुग्ण आणि तक्रार

५७ वर्षांच्या बाई. टाइप २ मधुमेह १४ वर्षांपासून, एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारा आकडा, ९.२ टक्के. दिवसाचे सात-आठ तास संगणकासमोर काम. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड मिसळलेलं. रात्री पायांची आग होते म्हणून पाच महिन्यांपासून झोपताना ॲमिट्रिप्टिलिन २५ मिलिग्रॅम. शिंका सुरू झाल्या की स्वतःच्या मनाने सेट्रिझिन.

त्या आल्या होत्या चष्म्याचा नंबर काढायला. सहा महिन्यांत दोन चष्मे झाले आणि दोन्ही बसले नाहीत. सकाळी ठीक दिसतं, दुपारनंतर अक्षरं पुसट होतात, डोळे मिचकावले की क्षणभर स्वच्छ होतात आणि परत धूसर. डोळ्यांबद्दल मुद्दाम विचारल्यावर बाकीचं बाहेर आलं. वर्षभरापूर्वी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं, वाऱ्यात पाणी यायचं, संध्याकाळी जळजळ व्हायची. डोळ्यांवर पाण्याचे हबके मारले की दहा मिनिटं बरं वाटायचं. मग लाली घालवणारे थेंब आणले, ते दिवसातून सहा-आठ वेळा. पुढे कुणी सांगितलं म्हणून वंगणाचे थेंब, तेही आठ-दहा वेळा. आणि गेल्या दोन महिन्यांत जळजळ जवळजवळ थांबली, म्हणून थेंब सोडून दिले. त्यांच्या लेखी कोरडेपणा बरा झाला होता, अडचण उरली होती ती चष्म्याची.

सगळं प्रकरण या शेवटच्या वाक्याभोवती फिरतं.

तपासणी, आणि तिचा क्रम

कोरड्या डोळ्यांत तपासण्यांचा क्रम चुकला तर निकाल फसवे येतात. डोळ्याचा दाब मोजायला बधिर करणारा थेंब घालावा लागतो आणि तो एकदा घातला की कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक काचेची, संवेदना तपासता येत नाही. म्हणून संवेदना सर्वांत आधी आणि दाब सर्वांत शेवटी. घाईत बहुधा उलटं होतं आणि संवेदनेची तपासणी राहूनच जाते. मधुमेह असलेल्या रुग्णात तीच सर्वांत बोलकी असते.

पद्धत साधी आहे. कापसाच्या टोकाचा एक बारीक तंतू ओढून काढायचा आणि तो रुग्णाला दिसू नये म्हणून बाजूने आणत कॉर्नियाला हलकेच टेकवायचा. निरोगी डोळा त्याच क्षणी मिटतो. या बाईंचा डावा डोळा मिटला, पण किंचित उशिरा. उजव्या डोळ्याच्या खालच्या भागावर तंतू टेकला तरी पापणी हलली नाही. ‘काही लागलं का?’ या प्रश्नाला उत्तर आलं, ‘लावलंत का?’

नंतर फ्लुरेसिनचा रंग. नारिंगी रंगाची पट्टी खालच्या पापणीच्या आत टेकवून निळ्या प्रकाशात पाहिलं की अश्रूंचा थर हिरवा चमकतो. डोळा उघडा ठेवला की किती सेकंदांत या थराला पहिलं भोक पडतं ते मोजायचं, तीन वेळा, आणि सरासरी घ्यायची. १० सेकंदांच्या खाली आलं तर थर अस्थिर. इथे उजवा ४, डावा ५. दिवसभराच्या धूसरपणाचं आणि मिचकावल्यावर स्वच्छ दिसण्याचं कारण इथेच मिळालं. त्याच रंगात कॉर्नियाच्या खालच्या तिसऱ्या भागात हिरव्या ठिपक्यांची दाट रांगोळी दिसली. हे ठिपके म्हणजे पृष्ठभागावरच्या पेशी झडल्याच्या जागा. ० ते ५ या ऑक्सफर्ड श्रेणीत (५ म्हणजे सर्वांत वाईट) उजवा ३, डावा २.

शिर्मर चाचणीत ५ मिलिमीटर रुंद आणि ३५ मिलिमीटर लांब कागदी पट्टीचं टोक दुमडून खालच्या पापणीच्या बाहेरच्या बाजूला अडकवतात आणि ५ मिनिटांत ती किती ओली झाली ते वाचतात. १० मिलिमीटरच्या वर असेल तर चिंता नाही, ५ किंवा त्याहून कमी असेल तर अश्रूच कमी बनताहेत. उजवीकडे ४ आणि डावीकडे ६ आले. पापण्यांच्या कडा दाबून पाहिल्या तेव्हा तेलग्रंथींमधून स्वच्छ तेलाऐवजी घट्ट पांढरा पदार्थ निघाला, काही तोंडं तर पार बुजलेली. स्क्रीनकडे पाहताना डोळ्यांची उघडझाप मिनिटाला सहा वेळा, एरवी ती पंधराच्या आसपास असते. शिवाय त्यांतल्या निम्म्या वेळा पापणी खालपर्यंत पोचतच नव्हती. ठिपके खालच्याच भागात का, हे त्यावरून कळतं.

ओएसडीआय ही मागच्या आठवड्याबद्दलच्या १२ प्रश्नांची प्रश्नावली आहे. गुण ० ते १००: १२ पर्यंत ठीक, १३ ते २२ सौम्य, २३ ते ३२ मध्यम, त्यापुढे तीव्र. बाईंचे गुण २१. कागदावर हा ‘सौम्य’ त्रास. नुसत्या तक्रारीवर उपचार ठरवले असते तर एक बाटली देऊन त्यांना घरी पाठवलं गेलं असतं.

डोळ्यांचा दाब दोन्हीकडे १६, म्हणजे ठीक. बाहुल्या मोठ्या करून मागचा पडदा पाहिला, तर मध्यम प्रमाणातली मधुमेही रेटिनोपथी, म्हणजे साखरेमुळे पडद्याच्या रक्तवाहिन्यांचा झालेला बिघाड, पण मध्यबिंदूला सूज नाही. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात. तोंड कोरडं पडतं असं त्यांनी सांगितल्यामुळे शोग्रेन विकाराच्या (यात शरीराची प्रतिकारशक्ती अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवरच उलटते) रक्ततपासण्या केल्या, त्यांत काही निघालं नाही.

असं का झालं

अश्रूंचा थर टिकायला तीन गोष्टी लागतात. अश्रुग्रंथींचं पाणी, पापण्यांमधल्या ग्रंथींचं तेल आणि पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणातून येणारा चिकट स्राव. मधुमेह या तिन्हींवर हात टाकतो. साखर बराच काळ चढी राहिली की अश्रुग्रंथींकडे जाणारे मज्जातंतू कमजोर होतात आणि पाणी घटतं. जे उरतं त्यातले क्षार दाट होतात आणि ते दाट पाणी पृष्ठभागाच्या पेशींना डिवचून दाह वाढवतं. तेलग्रंथी बुजल्या की उरलेलं पाणीही लवकर उडून जातं.

हे कुठल्याही कोरड्या डोळ्यात कमी-अधिक होतं. मधुमेहातला फरक पुढे आहे. कॉर्निया हा शरीरातल्या सर्वाधिक दाट मज्जातंतू असलेल्या भागांपैकी एक. पायांची बोटं बधिर करणारी न्यूरोपथी, म्हणजे मज्जातंतूंची झीज, इथेही पोचते, फक्त तिची चौकशी कुणी करत नाही. हे तंतू दोन कामं करतात. कोरडेपणा जाणवला की मेंदूला कळवून अश्रू आणि उघडझाप वाढवणं हे एक. पृष्ठभागाच्या पेशींना वाढीसाठी लागणारे घटक पुरवणं हे दुसरं. तंतू झिजले की जळजळ कमी होते, अश्रू आणखी घटतात, उघडझाप मंदावते आणि झालेली इजा भरायला वेळ लागतो. रुग्णाला बरं वाटू लागतं तेव्हा डोळ्याचं नुकसान वाढत असू शकतं. भर म्हणजे मधुमेहात वरच्या पेशी खालच्या पडद्याला नीट चिकटून राहत नाहीत. जरा घासलं गेलं तरी पापुद्रा सुटतो.

या मुळावर बाईंच्या औषधांनी भर घातली होती. ॲमिट्रिप्टिलिन पायांच्या आगीवर चांगलं चालतं, पण ते तोंड आणि डोळे दोन्ही सुकवतं. सेट्रिझिनही तेच करतं, थोड्या प्रमाणात. लाली घालवणारे थेंब रक्तवाहिन्या आकसवतात, परिणाम ओसरला की लाली दुपटीने परत येते आणि माणूस पुन्हा बाटलीकडे वळतो. वंगणाच्या थेंबांत बेंझाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक, म्हणजे बाटलीत जंतू वाढू न देणारं रसायन, होतं. दिवसातून दोन-तीन वेळा ते बहुतेकांना सोसतं, आठ-दहा वेळा घातलं की आधीच कच्च्या पेशी तेच सोलून काढतं. साध्या पाण्याचे हबके उरलासुरला तेलाचा थर धुऊन नेत होते. वर्षभर चाललेल्या घरगुती उपायांतला जवळजवळ प्रत्येक उपाय डोळ्याच्या विरोधात गेला होता. यात बाईंचा दोष म्हणावा असं काही नाही. बाटलीवर ‘आराम’ लिहिलेलं असतं आणि पहिली दहा मिनिटं तो मिळतोही.

चष्म्याचं कोडं दुहेरी होतं. साखर चढली की डोळ्यातल्या भिंगात पाणी ओढलं जातं आणि नंबर बहुधा उणे बाजूला सरकतो, साखर उतरली की परत येतो. आणि पृष्ठभाग खडबडीत असला की मोजणीचं यंत्र सकाळी एक आणि दुपारी दुसरंच सांगतं. म्हणून ठरलं की साखर सलग चार ते सहा आठवडे एका पातळीवर आल्याशिवाय आणि ठिपके कमी झाल्याशिवाय तिसरा चष्मा करायचा नाही.

पहिले चार आठवडे

सुरुवात काय बंद करायचं इथून झाली. सोडून दिलेले लालीचे थेंब आणि परिरक्षक असलेलं वंगण परत सुरू करायचं नाही, पाण्याचे हबके आणि मनाने घेतलेलं सेट्रिझिन त्या दिवसापासून बंद. ॲमिट्रिप्टिलिन एकदम तोडायचं नसतं. मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोलून ते दोन आठवडे १० मिलिग्रॅमवर आणलं, मग थांबवलं, आणि मूत्रपिंडाची तपासणी पाहून पायांच्या आगीसाठी त्याऐवजी रात्री प्रीगॅबालिन ७५ मिलिग्रॅम सुरू केलं. प्रीगॅबालिननेही काहींना सुरुवातीला धूसर दिसतं. ते आधी सांगून ठेवलं, नाहीतर त्याचं खापर नव्या थेंबांवर फुटतं. रक्तदाबाच्या गोळीला हात लावला नाही. रक्तदाब नीट होता, आणि सगळंच एकदम बदललं तर कशाने काय झालं ते कळत नाही.

नवे थेंब सोडियम हायल्युरोनेट ०.१८ टक्के, परिरक्षक नसलेले. सकाळी ७ पासून रात्री ९ पर्यंत दर दोन तासांनी, म्हणजे दिवसात आठ वेळा. ‘खुपलं की घाला’ ही सूचना इथे मुद्दाम दिली नाही. ज्या डोळ्याला खुपणंच कळत नाही, त्याला त्या सूचनेचा उपयोग नाही. मोबाइलवर आठ गजर लावून घेतले.

एकावेळच्या वापराच्या छोट्या कुप्या ऐकायला सोप्या वाटतात, वापरताना दोन अडचणी येतात. जुन्या मधुमेहात बोटांचे सांधे ताठरतात आणि टोकांची संवेदना कमी होते, त्यामुळे कुपीचं इवलंसं टोक पिळून तोडणं जड जातं. तोडल्यावर प्लॅस्टिकची कड कधीकधी धारदार राहते. शाबूत डोळ्याला ती लागली की माणूस दचकतो, बधिर कॉर्नियावर ओरखडा उठतो आणि पत्ता लागत नाही. म्हणून तोडलेल्या टोकाकडे आधी नीट पाहायचं, पहिला थेंब बाहेर टाकायचा आणि कुपी डोळ्यापासून बोटभर वर धरायची. बाईंना हे जमेना, तेव्हा एकेरी झडप असलेली परिरक्षकमुक्त बाटली दिली, ती दाबायला सोपी पडली. उघडलेली कुपी टोपण लावून दिवसभर पर्समध्ये ठेवायची नाही, लेबलवर तशी मुभा स्पष्ट लिहिली असेल तरच ठेवायची.

थेंब एकच पुरतो. पापणीच्या आतल्या खोबणीत जेमतेम ३० मायक्रोलिटर द्रव मावतो आणि बाटलीतला एक थेंब तेवढा किंवा त्याहून मोठा असतो. दुसरा थेंब गालावर येतो. हात धुवायचे, खालची पापणी ओढून खोबण करायची, थेंब सोडायचा, डोळा न पिळता मिटायचा, आणि नाकाकडचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरायचा. दोन वेगळ्या थेंबांत किमान पाच मिनिटं, आणि मलम नेहमी सर्वांत शेवटी. थेंब पडला की नाही हे ज्यांना कळत नाही, त्यांनी बाटली फ्रिजच्या दारात ठेवावी (लेबल पाहून, गोठू न देता). गार थेंब पापणीच्या त्वचेला तरी कळतो.

रात्रीसाठी पॅराफिनचं साधं वंगण-मलम, खालच्या पापणीच्या आत सुमारे १ सेंटिमीटर. याने पाव-अर्धा तास धूसर दिसतं. मधुमेहात ही नुसती गैरसोय राहत नाही. इन्सुलिनची मात्रा मोजायची असेल, साखर तपासायची असेल, गोळ्या निवडायच्या असतील, तर ते सगळं मलमाच्या आधी उरकायचं. पाय बधिर असले तर मलम लावून अंधारात उठणं पडण्याला आमंत्रण आहे. म्हणून मलम पलंगावर बसून, आणि एक मंद दिवा चालू.

तेलग्रंथींसाठी रोज एकदा शेक. घट्ट झालेलं तेल वितळायला पापणीला ४० अंशांच्या आसपासची ऊब आठ-दहा मिनिटं सलग मिळावी लागते. ओलं कापड दोन मिनिटांत थंड होतं आणि बहुतेकांचा शेक तिथेच वाया जातो. दोन घड्या घेऊन एक डोळ्यांवर आणि एक झाकणाच्या भांड्यातल्या गरम पाण्यात, असं आलटून पालटून चालवावं. बाईंच्या बाबतीत खरा धोका उलटा होता. हात बधिर, डोळा बधिर, म्हणजे पाणी किती कडक आहे हे सांगणारं कुणीच नाही. त्यामुळे पाणी थर्मामीटरने मोजायचं, ४२ अंशांच्या वर नाही, किंवा घरातल्या दुसऱ्या कुणी मनगटाच्या आतल्या बाजूने पाहून द्यायचं. मायक्रोवेव्हमध्ये तापवायच्या पट्ट्या त्यांना देऊ केल्या नाहीत, त्यांत काही जागा जास्त तापलेल्या राहतात. शेकानंतर वरच्या पापणीवरून खाली आणि खालच्या पापणीवरून वर हलका हात, मग पापण्यांच्या कडा त्यासाठीच्या सौम्य क्लीन्झरने पुसून घ्यायच्या.

कामाच्या जागी स्क्रीन डोळ्यांच्या पातळीखाली आणली, म्हणजे डोळे कमी उघडे राहतात. एसीचा झोत बाजूला वळवला. आणि दर वीस मिनिटांनी दहा पूर्ण उघडझापी: पापण्या टेकेपर्यंत मिटायच्या, दोन सेकंद थांबायचं, उघडायच्या. अर्धवट मिचकावण्यावर थेंबांपेक्षा याचा उपयोग जास्त, आणि लोक सोडतातही हेच सर्वांत आधी.

चार आठवड्यांनी उजव्या डोळ्याचे ठिपके ३ वरून २ वर आले, थर टिकण्याचा वेळ ४ वरून ६ सेकंदांवर. आता दाहासाठी सायक्लोस्पोरिन ०.०५ टक्के, बारा तासांच्या अंतराने दोनदा. हे औषध सुरुवातीला चुरचुरतं आणि पुरता परिणाम दिसायला तीन महिने लागतात. या दोन गोष्टी न सांगता दिलं तर बाटली तिसऱ्या आठवड्यात कपाटात जाते. तोवरचा काळ भरून काढायला स्टेरॉइडचे थेंब थोडे दिवस देण्याची पद्धत आहे. इथे ते दिले नाहीत. संवेदना गेलेल्या कॉर्नियात स्टेरॉइडने जखम भरणं आणखी मंदावतं, जंतुसंसर्ग झाकला जातो, आणि मोतीबिंदूची सुरुवात होतीच. थोडा उशीर परवडतो.

सहाव्या आठवड्यातला घोटाळा

एका सकाळी उजवा डोळा लाल, पाणी येतंय, दिसतंय धूसर. दुखत मात्र नव्हतं. बाई दुसऱ्या दिवशी आल्या, ‘दुखत असतं तर कालच आले असते’ म्हणाल्या. रंगात पाहिल्यावर कॉर्नियाच्या खालच्या भागात २ बाय १.५ मिलिमीटरचा पापुद्रा निघालेला. चौकशीत कळलं की डोळे बरे वाटतात आणि उशीला डाग पडतात म्हणून चार रात्री मलम लावलं नव्हतं. कोरडी पापणी रात्रभर सैल पेशींना चिकटून बसते आणि सकाळी डोळा उघडताना त्यांना सोबत घेऊन येते.

सायक्लोस्पोरिन थांबवलं. मॉक्सिफ्लॉक्सासिन ०.५ टक्के, परिरक्षक नसलेलं, दिवसातून चारदा, वंगण तासातासाला, आणि रात्री मलम लावून पापणी टेपने बंद. डोळा करकचून बांधला नाही, पट्टीखाली संसर्ग वाढला तरी दिसत नाही. पट्टीसारखी वापरायची कॉन्टॅक्ट लेन्सही टाळली, मधुमेह आणि बधिर कॉर्निया असा जोड असताना तिच्याखाली जंतूंची भीती जास्त. लालीसाठी डायक्लोफिनॅक किंवा कीटोरोलॅकसारखे वेदनाशामक थेंब द्यायचा मोह होतो. अशा डोळ्यात त्यांनी कॉर्निया विरघळल्याची उदाहरणं आहेत, त्यामुळे ते देऊच नयेत. बधिर करणारा थेंब तर घरी कधीच नाही.

दर दोन दिवसांनी जखम मोजली. नवव्या दिवशी ती भरली. दोन आठवड्यांत भरली नसती तर पुढचे उपाय होते: रुग्णाच्याच रक्तद्रवापासून बनवलेले थेंब, इन्सुलिनचे पातळ थेंब, गर्भवेष्टनाचा पडदा बसवणं, पापण्या काही काळ अंशतः शिवणं, किंवा मज्जातंतू-वाढीचा घटक असलेलं सेनेगर्मिन, ज्याला युरोपात २०१७ मध्ये आणि अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. इन्सुलिनचे थेंब मधुमेहाच्या इन्सुलिनपासूनच करतात, पण निर्जंतुक ठिकाणी, ठरलेल्या प्रमाणात. घरच्या पेनमधलं इन्सुलिन डोळ्यात घालणं धोक्याचं आहे.

यानंतर घरच्या तपासणीची पद्धत बदलली. ‘कसं वाटतंय’ हा प्रश्न बाद. रोज सकाळी एक डोळा झाकून ठरलेलं छापील पान ठरलेल्या अंतरावरून, त्याच दिव्याखाली वाचायचं, मग दुसरा डोळा. कालच्यापेक्षा एक ओळ कमी वाचता आली तर त्याच दिवशी फोन. आरशात लाली, कॉर्नियावर पांढरा ठिपका किंवा घट्ट पिवळी चिपडं दिसली तरीही. दुखण्याची वाट पाहायची नाही. अचानक काळे ठिपके तरंगू लागले किंवा नजरेवर पडदा सरकल्यासारखं वाटलं तर तो पडद्याचा मामला, त्यात तास मोजायचे असतात.

बारा आठवड्यांनंतर

थर टिकण्याचा वेळ उजवीकडे ७ आणि डावीकडे ८ सेकंद. शिर्मर ६ आणि ८ मिलिमीटर. ठिपके उजवीकडे १, डावीकडे ०. उजवी नजर ६/१२ वरून ६/९. जखम भरल्यावर आठवड्याभराने सायक्लोस्पोरिन परत सुरू केलं होतं, ते चालू ठेवलं. तोंडाचा कोरडेपणा ॲमिट्रिप्टिलिन सुटल्यावर बराच कमी झाला, त्यातला वाटा कुणाचा होता ते यावरून कळलं.

ओएसडीआयचे गुण २१ वरून १८. डोळा इतका सुधारला आणि प्रश्नावलीने जेमतेम तीन गुण दाखवले. उजव्या कॉर्नियाची संवेदना अजून अपुरीच आहे. तंतू परत येतात ते महिन्यांच्या हिशोबाने, काही येतही नाहीत. त्यामुळे ‘आता आठऐवजी चार वेळा चालेल का’ या प्रश्नाचं उत्तर ठिपके पाहून दिलं: डावीकडे हो, उजवीकडे सहा.

एचबीएवनसी ९.२ वरून ७.८ वर आलं. ते याहून वेगाने खाली आणायचा आग्रह धरला नाही. रेटिनोपथी आधीच असताना साखर झपाट्याने उतरवली तर सुरुवातीच्या महिन्यांत ती वाढू शकते. दूरच्या हिशोबात साखर आटोक्यात ठेवण्याचाच फायदा होतो, पण उतार बेताचा हवा आणि पडद्यावर नजर हवी. साखर सुधारली की कोरडेपणा आपोआप जाईल, असं मात्र समजू नये. झिजलेल्या ग्रंथी आणि तंतू मागेच राहतात.

मधल्या काळात बाईंनी ओमेगा-३ च्या कॅप्सूलबद्दल विचारलं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ड्रीम या मोठ्या चाचणीत रोज ३ ग्रॅम ओमेगा-३ वर्षभर देऊनही ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूलपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. बाई आधीपासून घेत असत्या तर बंद करायला सांगितलं नसतं, नव्याने सुरू करायचं कारण नव्हतं. अश्रूंची वाट बंद करणाऱ्या छोट्या बुचांचा विचार पुढे ढकलला. दाह असताना बूच बसवलं तर तोच दाहक द्रव डोळ्यात साठून राहतो.

सातत्याने सहा आठवडे सकाळची साखर एका पट्ट्यात राहिल्यावर चष्म्याचा नंबर काढला, वेगवेगळ्या दोन दिवशी, दोन्ही वेळा थेंब घालून दहा मिनिटांनी. दोन्ही नंबर जुळले, तेव्हा चष्मा केला.

उजव्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया वर्ष-दोन वर्षांत लागेल. त्यासाठी नोंद आत्ताच केली आहे: भिंगाची मोजणी ठिपके १ किंवा त्याखाली असतानाच करायची, नाहीतर भिंगाचा नंबर चुकतो. शस्त्रक्रियेआधी किंवा डोळ्यात इंजेक्शन द्यायची वेळ आली तर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक वापरल्यावर ते सलाइनने नीट धुऊन काढायचं, कारण तेही पृष्ठभागाला झोंबतं. रेटिनोपथीसाठी लेझर लागलं तर कॉर्नियाकडे जाणारे तंतू आणखी दुखावू शकतात, म्हणून त्यानंतर दोन आठवड्यांत संवेदना परत तपासायची. आणि शस्त्रक्रियेनंतर सरसकट लिहून दिले जाणारे वेदनाशामक थेंब या डोळ्याला नकोत, हे केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं आहे. त्याची एक प्रत बाईंच्या पर्समध्ये असते.